बियाण्याचं नाव यशोदा, मग लेकीचं नाव नकोशी का?



‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपण सगळेच वापरतो, तीही बहुतेक वेळा दुसऱ्याला हिणवायला. पण या म्हणीतली एक चांगली गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. लेकीच्या हातात कथलाचा वाळा घालण्याइतकीच ज्या आईबापाची ऐपत, त्यांनी तिचं नाव मात्र सोनूबाई ठेवलं. सोनं घेता आलं नाही, पण हाक तरी सोन्यासारखी मारली. नाव ठेवायला पैसा लागत नाही, त्यासाठी सोसायटीचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. गरीबातला गरीब माणूसही आपल्या लेकीला चांगलं नाव देऊ शकतो.

या पानावर एरवी वाण, खतं, कीड-रोग आणि पीककर्ज यांची चर्चा असते. आज बायकांच्या नावांविषयी बोलायचं आहे. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही. आपल्या आया-बहिणींची निम्मी नावं शिवारातूनच आलेली आहेत, आणि त्यांच्या नावांचे घोळही शेवटी सातबारा, पासबुक आणि शाळेच्या दाखल्यावरच येऊन अडतात.

सीता म्हणजे नांगराची रेघ

सुरुवात सीतेपासून करू. संस्कृतात ‘सीता’ म्हणजे जमिनीत नांगरानं पडलेली रेघ, आपण जिला तास म्हणतो ती. जनक राजाला जमीन नांगरताना ती सापडली, म्हणून हे नाव. ऋग्वेदातही सीतेला शेतीची देवता म्हणून आळवलेलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या शेतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘सीताध्यक्ष’ म्हटलं आहे. म्हणजे आजचं कृषी खातं त्या काळी सीतेच्या नावानं चालायचं म्हणा ना!

अहल्येचं नावही शेतातलंच. ‘हल’ म्हणजे नांगर, आणि अहल्या म्हणजे न नांगरलेली, अशी या नावाची एक फोड केली जाते. म्हणजे एक नाव नांगरटीचं आणि एक पडिक रानाचं. आपण बोलताना त्याचं अहिल्या केलं. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांनी ते नाव एवढं मोठं केलं, की २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. एका बाईचं नाव अख्ख्या जिल्ह्याला लागलं.

पुढं बघा. उमा म्हणजे पार्वती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जुन्या संस्कृत कोशात जवसालाही उमा म्हटलेलं आहे. रोहिणी म्हणजे तांबडी. तांबड्या गाईलाही रोहिणी म्हणत. आणि रोहिणीचा पेरा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. रोहिणी, चित्रा, स्वाती, अनुराधा, रेवती ही सगळी नक्षत्रं आपण पोरींच्या नावात घातली. गंगा, गोदा, कृष्णा, यमुना, भीमा, भागीरथी, चंद्रभागा या नद्याही घरात आणल्या. काशी, गया, द्वारका, मथुरा ही तर तीर्थक्षेत्रं. ज्या आजीला आयुष्यभर गावची शीव ओलांडून यात्रेला जाता आलं नाही, तिनं नातीला हाक मारता मारता रोज काशी-द्वारका केली. शेवंता, तुळसा, जाई, केवडा ही नावं तर परसातूनच उचललेली.

भाषा निराळ्या, शिवार एकच

आता शेजारच्या घरात डोकावू. आपल्या गावातल्या मुसलमान घरांत रेहाना हे नाव असतं. अरबीत रेहान म्हणजे एक सुवासिक झुडूप. त्याच्याच बिया आपण उन्हाळ्यात सब्जा म्हणून सरबतात घालतो. सब्जा आणि तुळस या एकाच कुळातल्या. तेव्हा रेहाना आणि तुळसा या अगदी सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी नक्कीच. यास्मिन हे फारसी नाव जाईच्या जातीच्या फुलांचं. जाई आणि यास्मिन, नावं दोन, पण वेल एकाच मांडवावर चढवण्यासारखे. शबनम म्हणजे दव. फारसीत ‘शब’ म्हणजे रात्र आणि ‘नम’ म्हणजे ओल. रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला रात्रीच्या या ओलीची किंमत किती, ते कोरडवाहू शेतकऱ्यानंच सांगावं. जुबेदा हे नाव लोणी-साय या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलं, आणि जैतुनबी म्हणजे तेल देणाऱ्या जैतून झाडाच्या नावाची.

आपली हौसाबाई तर पक्की मराठी वाटते की नाही? पण ‘हौस’ हा शब्दच मुळात अरबीतून आला. गुलाबबाईतला गुलाब फारसी. तेव्हा गावच्या बायकांची नावं वाचायला बसलं, की आपली माती, नद्या, देव, फुलं आणि त्यात मिसळलेल्या परक्या भाषा, सगळं एका यादीत दिसतं.

रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत, मराठी बोलत राहिलेला बेने इस्रायल समाज आहे. त्यांच्या धर्मग्रंथातली हिब्रू नावं पाहा. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, तामार म्हणजे खजुराचं झाड. आपल्याकडं कुणी पोरीला मेंढी म्हटलं तर भांडण होईल; पण मेंढपाळ समाजात मेंढी हेच धन होतं, त्यामुळं ते लाडाचं नाव होतं. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतलं मार्गारेट हे नाव ग्रीक भाषेतल्या ‘मोती’ या शब्दावरून आलं. आपल्या मुक्तेचाही एक अर्थ मोतीच. आणि जॉर्जिना म्हणजे काय असेल? ग्रीक भाषेत जमीन कसणाऱ्याला जो शब्द आहे, त्यावरून जॉर्ज हे नाव झालं. जॉर्जिना म्हणजे चक्क शेतकरीण.

सांगायचा मुद्दा असा, की जिथं जिथं माणूस शेती करून, गुरं-मेंढरं राखून जगला, तिथं तिथं त्यानं आपल्या लेकीला ज्याची किंमत वाटली त्याचं नाव दिलं. नाव म्हणजे त्या घरानं त्या पोरीची केलेली पहिली किंमत.

राहुरीच्या ज्वारी

ही रीत अजून मोडलेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीचे जे वाण काढले, त्यांची नावं बघा. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहू जमिनीला फुले वसुधा आणि फुले यशोदा, बागायतीला फुले रेवती. डाळिंबात मृदुला आहे. दापोलीच्या विद्यापीठानं काढलेल्या आंब्यात रत्ना आहे, सिंधू आहे. वसुधा म्हणजे धन धारण करणारी धरती. यशोदा म्हणजे यश देणारी.

आता मला एक सांगा. उद्या विद्यापीठानं एखादा उत्तम वाण काढला आणि त्याचं नाव ‘फुले नकोशी’ ठेवलं, तर तुम्ही पिशवी घ्याल का? पेरणीच्या दिवशी ते नाव तोंडातून काढाल का? नाही ना! मग जे नाव आपण बियाण्याला सोसणार नाही, ते पोटच्या पोरीला कसं सोसतं?

‘आता पुरे’ सांगणारी नावं

नकोशी, नकुशी, नकुसा. सातारा, सांगली, सोलापूर या भागांत या नावाच्या बायका तुम्हाला भेटल्या असतील. दुसरी, तिसरी किंवा चौथी मुलगीच झाली, की हे नाव ठेवायचं. म्हणजे देवाला निरोप पोचतो आणि पुढचा मुलगा होतो, अशी समजूत.

हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. बंगालीत अन्नाकाली असं नाव आहे. ऐकायला अन्नपूर्णेसारखं गोड, पण अर्थ आहे ‘आर ना, काली’, म्हणजे ‘काली माते, आता आणखी नको’. तमिळनाडूत मुलींना ‘वेंडा’ म्हणत आले, अर्थ तोच, नको. हरियाणात भतेरी म्हणजे ‘भरपूर झाल्या’. राजस्थानात धापू म्हणजे ‘पोट भरलं, आता बास’. चीनमध्ये मुलीचं नाव ‘चाओ-ती’ ठेवत, म्हणजे ‘धाकट्या भावाला बोलावून आण’. जपानमध्ये जुन्या काळी ‘तोमे’ म्हणजे ‘थांब’ आणि ‘सुए’ म्हणजे ‘शेवटची’ अशी नावं चालत. तुर्कस्तानात ‘येतेर’ म्हणजे ‘पुरे’. भाषा निराळ्या, देव निराळे, पण बापाच्या कपाळावरची आठी तीच.

इथं एक फरक सांगितला पाहिजे. आपल्याकडं दगडू, धोंडू, धोंडाबाई, केराबाई अशीही नावं आहेत. ती ऐकायला ओबडधोबड, पण त्यामागची भावना वेगळी. आधीची मुलं दगावली, तेव्हा या लेकराला कुणाची दृष्ट लागू नये, काळानं याला दगड समजून सोडून द्यावं, म्हणून ती नावं ठेवली. लेकरू जगावं म्हणून दिलेलं ते नाव. नकोशी हे नाव लेकरू नको होतं म्हणून दिलेलं. दोन्हींना एका मापानं मोजू नका.

नावानं मुलगा होत नाही

नाव बदलल्यानं पुढचं मूल बदलतं का? शास्त्र काय सांगतं ते सरळ बघू. आईच्या बीजात फक्त एक्स गुणसूत्र असतं. बापाच्या बीजात एक्स किंवा वाय असतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. म्हणजे मुलगा की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, आणि तेही त्याच्या हातात नसतं. आईचा तर त्यात काहीच वाटा नाही. मग आधीच्या पोरीच्या नावाचा संबंध येतोच कुठं? नकोशीच्या पाठीवर मुलगा झालेली घरं लोक बोट दाखवून सांगतात. मुलगी झालेली घरं कुणी मोजत नाही. नवस फेडलेला दिसतो, वाया गेलेला दिसत नाही, तसंच हे.

समजूत नावापुरतीच थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढं यंत्रं आली आणि नकोशी जन्माला येण्याआधीच नको होऊ लागली. गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला, १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. तरीही महाराष्ट्रात ०ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचं प्रमाण २००१ च्या जनगणनेत ९१३ होतं, ते २०११ मध्ये ८९४ वर आलं. पेरणी दाट झाली तर आपण विरळणी करतो. इथं तर निसर्गानं बरोबर पेरलेलं असताना माणसानं उपटून टाकलं.

साताऱ्यानं काय केलं

याच काळात सातारा जिल्ह्यात आरोग्य खात्यानं एक काम हाती घेतलं. जिल्ह्यातल्या नकोशी, नकुसा नावाच्या मुली शोधल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात कार्यक्रम घेऊन २८५ मुलींना नवी नावं दिली. नव्या नावाचं प्रमाणपत्र प्रत्येकीच्या हातात ठेवलं. कुणी नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं, कुणी आपलं साधंच पण चांगल्या अर्थाचं. पाळण्यात कुणीतरी ठेवलेलं नाव आपण होऊन बदलणारी पोर त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःविषयी काही ठरवत होती.

हरियाणाच्या हिसार जिल्ह्यातली अंतिम पंघाल तुम्ही ऐकली असेल. घरातली चौथी मुलगी, आता मुलगी नको म्हणून नाव अंतिम. तिनं २०२२ मध्ये वीस वर्षांखालच्या जागतिक कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. असं पदक मिळवणारी ती भारताची पहिली मुलगी. २०२३ मध्ये तिनं ते पुन्हा जिंकलं, आणि त्याच वर्षी मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक आणलं. तिनं त्या नावाचा अर्थच फिरवला, हे खरं. पण प्रत्येक पोरीनं आपलं नाव धुऊन काढायला जागतिक आखाड्यात उतरायचं का? बाकीच्यांनी काय करायचं? शाळेत हजेरी घेताना सगळ्या वर्गासमोर ‘नकोशी’ म्हटल्यावर ‘हजर’ म्हणायचं, हे रोजचं काम तिला कुणी लावलं?

आता दप्तराकडं वळू

हा भाग मुख्यतः गावच्या कारभाऱ्यांसाठी आहे, म्हणजे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि आशाताई. घरच्यांनीही वाचून ठेवावा.

एक. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. बाळाचं नाव ठरलं नसेल तर जन्म नोंदवून ठेवा. नाव पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. तेव्हा रागाच्या भरात, दवाखान्याच्या दारातच नाव सांगून मोकळं होऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांचा मूळ कागद धरला जातो. तिथं जे नाव लागेल तेच पुढं धावेल.

दोन. नकोशी हे नाव आधीच नोंदलेलं असेल तर मुलगी शाळेत आहे तोवरच बदलाचं काम करून घ्या. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून शाळेच्या रजिस्टरमध्ये दुरुस्ती मागा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव छापलं गेलं, की हेलपाटे वाढतात.

तीन. आधार कार्डावर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून आधी नाव पक्कं करा, स्पेलिंग पक्कं करा, मगच केंद्रावर जा.

चार. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव सक्तीचं केलं आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. ज्या आईचंच नाव नकोशी असेल, तिच्या लेकराच्या दाखल्यावर आता तो शब्द येणार. म्हणजे बदलाची गरज केवळ पोरींना नाही, तरुण आयांनाही आहे.

पाच, आणि हे फार महत्त्वाचं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायची आपली रीत. हौस म्हणून ठीक आहे, पण लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माझ्या कामात मी हे नेहमी बघतो. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून पार्वती, सासरच्या रेशनकार्डावर सुनीता, पासबुकात पारूबाई, आणि आधारवर चौथंच काहीतरी. बाई एक, कागदोपत्री चौघी! अनुदान खात्यावर जमा व्हायची वेळ आली, की या चौघींतली खरी कोणती, ते यंत्राला कळत नाही आणि पैसे अडतात. २००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण हक्क मागायला गेल्यावर ‘पार्वती तीच सुनीता’ हे सिद्ध करायलाच तिचे सहा महिने जातात. तेव्हा एकच नाव ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच लावा. जुन्या नोंदीत फरक असेल तर ‘उर्फ’ लावून दोन्ही नावं जोडून घ्या. शेतकरी ओळख क्रमांक काढण्याआधी हे उरकलं तर उत्तम.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांत बायका जेमतेम १४ टक्के. शेतात खुरपणी, वेचणी, काढणीला बाई. आणि कागदावर नाव पुरुषाचं. पाळण्यात तिला नकोशी म्हटलं, मांडवात तिचं नाव पुसलं आणि चावडीवर ते लावलंच नाही, तर मग आपण ज्या सीतेचं नाव घेऊन पहिला नांगर धरतो, ती नुसती रेघच उरली म्हणायची.

एवढं एक काम करा

येत्या ग्रामसभेत कर्ज, पाणी, रस्ता यांच्या विषयांबरोबर हा एक विषय ठेवा. गावात नकोशी, नकुसा नावाच्या किती जणी आहेत, याची यादी अंगणवाडी, शाळा आणि मतदार यादीवरून निघते. अर्धा दिवस पुरतो. यादी जाहीर वाचू मात्र नका, घरी जाऊन बोला. तिला विचारा, तुला कोणतं नाव हवं? नाव तिनंच निवडू द्या. काही म्हाताऱ्या बायका म्हणतील, ‘आता मसणात गवऱ्या गेल्या, कशाला बदलता?’ त्यांचं ऐका, जबरदस्ती करू नका. पण शाळकरी पोरी आणि सुना यांची कागदं ग्रामपंचायतीनं स्वतः पुढाकार घेऊन करून द्यावीत. नवं नाव लागलं की घरच्यांनीही हाक त्याच नावानं मारावी. कागदावर ऐश्वर्या आणि अंगणात नकोशी, असं झालं तर सोनूबाईच्या हातात पुन्हा कथलाचाच वाळा.

बियाणं घेताना आपण पिशवीवरचं नाव वाचतो, लेबल तपासतो, पावती जपून ठेवतो. लेकीच्या बाबतीत एवढी तरी काळजी घेऊ.